बायांनी वाट मागितली, कागदावर दारूबंदी लागली : खान्देशातल्या छेडछाडविरोधी लढ्याची पार्श्वभूमी

छेडछाडीविरुद्ध खान्देशात जे घडलं, ते बहुतेक वेळा त्या नावानं घडलंच नाही. दप्तरी त्याची नोंद कधी दारूबंदी म्हणून झाली, कधी मजुरीचा तंटा म्हणून, कधी मुलींची शाळागळती म्हणून. त्यामुळे इथल्या बाया मुकाट्यानं सोसत राहिल्या असा समज पसरतो. तो साफ चुकीचा आहे.

काँग्रेसच्या फैजपूर इथल्या १९३६ च्या अधिवेशनात आणि १९४२ च्या लढ्यात बाया घराबाहेर पडल्या, पण देशासाठी. स्वतःच्या वाटेसाठी एकजुटीनं उभ्या राहिल्या त्या सत्तरच्या दशकात, शहादा-तळोद्याकडच्या भिल्ल मजूर बाया. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १९९८ चा. मोठ्या जमीनदारांनी पीक राखायला रखवालदार ठेवले होते. डोक्यावर गवताचा भारा घेऊन बाई संध्याकाळी बांधावरून निघाली की चोरीचा संशय म्हणून तिला अडवायचं आणि झडतीच्या नावाखाली अंगाला हात लावायचा. सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर जमीनदाराकडे राबणाऱ्याची, बायको म्हटल्यावर तक्रार करणार कुणाकडे? १९७२ नंतर मजुरांची संघटना उभी राहिली, शिबिरं भरली. त्यांत बाया बोलत्या झाल्या आणि बोलता बोलता विषय दारूवर आला. घरात मारणारा नवराही प्यालेला आणि वाटेत आडवा येणाराही प्यालेला. मग गावोगाव जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली, बायकांना मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. या मोहिमेची ओळख पुढे दारूबंदीची मोहीम एवढीच उरली. माझ्या मते तो अन्याय आहे. बांधावरून निर्धास्त चालता यावं, ही त्यामागची मागणी होती.

ऐंशीच्या दशकात मथुरा खटल्यानंतर (पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराचा खटला, त्यात पोलीस सुटले) देशभर चळवळ पेटली, १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. रस्त्यावरच्या त्रासाला मात्र मुख्यतः १८६० च्या दंडसंहितेतली ३५४ (विनयभंग) आणि ५०९ (अश्लील शब्द, हावभाव) हीच कलमं राहिली. ३५४ ला जास्तीत जास्त दोन वर्षं कैद, तेही नुसत्या दंडावर भागू शके. जळगावात १९९४ मध्ये मुलींना फसवून, फोटोंच्या धाकावर त्यांचं शोषण करणारं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा बायांचे मोर्चे निघाले, विशेष न्यायालय नेमलं गेलं. पुढे बरेच आरोपी सुटले. मुलींना घराबाहेर पाठवताना आईबापांच्या मनात बसलेली धास्ती मात्र गेली नाही.

खरा वाद पेटला तो राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशानं. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर परवानाधारक दारूदुकानासाठी गुप्त मतदान घ्यायचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान चालू आणि आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. खान्देशातल्या बायांना हा आदेश जवळचा वाटला, कारण दुकान बहुधा स्टँडजवळ किंवा शाळेच्या वाटेवर. सकाळच्या एसटीला निघालेल्या मुलीला त्या बाकड्यांवरच्या टोळक्यासमोरूनच जावं लागतं.

मेख होती ती बहुमतात. झालेल्या मतांच्या निम्म्याहून जास्त मतं पुरेशी नव्हती. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला हवी होती. समजा, गावात १००० महिला मतदार आहेत. ६०० जणी मतदानाला आल्या, ४८० जणींनी आडवी बाटली निवडली, १२० जणींनी उभी. आमदारकीला एवढ्या फरकानं गुलाल उधळला असता. इथं दुकान तसंच चालू राहतं, कारण ५०१ मतं झाली नाहीत. म्हणजे न आलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूनं मोजली जाते. नंदुरबार, साक्री, चाळीसगाव या भागांतल्या बाया दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात त्या उन्हाळ्यातच परततात. नाव यादीत, बाई फडात. त्यातच मागणीवरच्या सह्यांची पडताळणी व्हायची आणि कोणी सही केली हे दुकानदाराला सहज कळायचं. सह्या मागं घ्यायला लावण्याचे प्रकार तिथूनच सुरू झाले.

या अटीची बाजू घेणारे म्हणत की थोड्या बायांच्या जोरावर कुणाचा परवाना जाऊ नये. हे म्हणणं मला पटत नाही; सरपंच निवडताना अशी अट कोणी घालत नाही. दुसरा आक्षेप चळवळीतल्याच काही जणींचा होता: दुकान बंद झालं म्हणून त्रास देणारा सुधारत नाही, कॉलेजच्या फाटकाशी उभी असणारी टारगट पोरं काही प्यालेली नसतात. यात तथ्य आहे. पण टोळक्याला बसायला जागाच उरली नाही तर मुलीची वाट मोकळी होते, आणि बायांना हवं होतं ते एवढंच.

डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महामार्गालगत ५०० मीटरच्या आतली दारूदुकानं बंद करायला सांगितलं (छोट्या गावांसाठी पुढे २२० मीटर). कारण होतं अपघात. धुळे-जळगाव महामार्गावरही हा आदेश लागू झाला. बायांना ज्यासाठी सह्या, पडताळणी आणि एकूण यादीचं बहुमत लागत होतं, ते वाहनचालकांच्या जिवासाठी एका आदेशात झालं. वर्षभराच्या आतच शहरी हद्दीत त्यात सूटही मिळाली.

दरम्यान मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या एसटी आल्या, बारावीपर्यंतचा प्रवास फुकट. नंदुरबारच्या पाड्यांवरच्या कितीतरी मुली त्यामुळे शाळेत टिकल्या. पण या गाड्या शाळेच्या वेळेच्या. शिकवणीहून किंवा कामावरून उशिरा निघणारी मुलगी पुन्हा त्याच स्टँडवर येते.

छेडछाडीचा कायदा बदलला तो २०१३ मध्ये, दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर. लैंगिक छळ आणि पाठलाग ही स्वतंत्र कलमं झाली, ३५४ ची शिक्षा किमान एक आणि कमाल पाच वर्षं झाली, जामिनाचा हक्क गेला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत हीच कलमं ७४, ७५ आणि ७८ या क्रमांकांनी आली. पाठलागाचा पहिला गुन्हा मात्र तेव्हाही जामीनपात्र होता आणि आजही आहे. ज्याच्याविरुद्ध मुलीनं तक्रार दिली, तो जामिनावर सुटून तिच्याच गावात, तिच्याच वाटेवर परत येतो.