हत्याराला तेलाआधी पाणी

देवगड, मालवण, गुहागर, किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात एखाद्याकडे आजोबांच्या वेळची हत्यारांची पेटी असेल, तर ती उघडून दाखवताना तो जरा ओशाळतोच. रंध्याचं पातं तांबूस, पकड जाम, कानशीचे दात गेलेले. ‘खारी हवा, काय करणार?’ असं म्हणून तो पकडीच्या सांध्यात खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडतो आणि झाकण लावतो. निदान बरोबर आहे, पण औषध त्याला धरून नाही. हवा खारी असेल तर लोखंडावर मीठ बसलेलं असणार, आणि मीठ तेलाने निघत नाही, पाण्याने निघतं. म्हणून किनाऱ्यावर जुनं हत्यार हाती आलं की पहिलं काम ते धुण्याचं. जन्मभर हत्यार पाण्यापासून जपणाऱ्या सुताराला हा सल्ला वेडगळ वाटेल, याची मला कल्पना आहे.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाट फुटली की फेसातले बुडबुडे फुटून बारीक तुषार हवेत उडतात, वाऱ्याबरोबर आत येता येता त्यातलं पाणी उडून जातं आणि क्षाराचे कण उरतात. किनारा सोडून आत जावं तसं त्यांचं प्रमाण झपाट्याने घटतं. त्यामुळे एकाच गावात समुद्राकाठच्या वाडीतली कोयती आणि घाटीवरच्या वाडीतली कोयती सारखी गंजत नाही.

हे कण हवेतलं पाणी ओढून घेतात. निव्वळ मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की आपोआप विरघळायला लागतं. समुद्राच्या क्षारांत मात्र मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला ३३ टक्के आर्द्रताही पुरते. स्वच्छ लोखंड ६० टक्क्यांच्या आसपासपर्यंत फारसं गंजत नाही, पण कोकणात ३३ टक्क्यांखाली हवा क्वचितच जाते. वैशाखात हाताला कोरडं ठणठणीत लागणारं हत्यारही सूक्ष्म पातळीवर ओलंच असतं.

या ओलाव्यात काय घडतं, ते केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांनी १९२६ साली एका थेंबात दाखवलं. प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतही होतो. घासून लख्ख केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा. त्यात अल्कलीत गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलिन आणि विरघळलेलं लोखंड भेटताच निळं होणारं पोटॅशियम फेरिसायनाइड मिसळलेलं असतं. आधी गुलाबी-निळे ठिपके इतस्ततः उमटतात. थोड्या वेळाने ते शिस्तीत बसतात: थेंबाच्या कडेला गुलाबी वलय, मधोमध निळा डाग आणि दोहोंच्या सीमेवर तपकिरी गंज. कडेला थेंब पातळ, तिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो आणि लोखंडातून आलेले इलेक्ट्रॉन घेऊन अल्कली तयार करतो. मध्यभागी ऑक्सिजनचा तुटवडा असतो, आणि लोखंड विरघळतं ते तिथेच.

म्हणजे गंज दिसतो एकीकडे, झीज होते दुसरीकडे. खारं पाणी या दोन जागांमध्ये विजेचं वहन सोपं करतं, शिवाय त्यातला क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक पापुद्रा फोडतो. आता थेंबाच्या जागी गंजाची खपली किंवा भुशाचा चिकटलेला गोळा कल्पा. खपलीखाली ऑक्सिजन कमी, म्हणून तिथे खळगा पडतो. क्लोराइड त्या खळग्यात ओढला जातो आणि आतलं पाणी आम्लधर्मी होत जातं. काचकागदाने घासून चमकवलेलं पातं दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगाखाली धरलं, तर कधीकधी खळग्यांच्या तोंडाशी पिवळट-तपकिरी द्रवाचे मोहरीहून बारीक थेंब दिसतात. तो ओलावा बाहेरून आलेला नाही. खळग्यातलं मीठ हवेतलं पाणी ओढून बाहेर डोकावतंय. अशा पात्यावर कितीही तेल चोपडलं तरी पाण्याची वाफ तेलाच्या थरातून आत शिरत राहते.

पागोळ्यांच्या आत, पडवीच्या खुंटीला टांगलेली करवत बरेचदा अंगणातल्या फाटकापेक्षा जास्त गंजते. यात आश्चर्य वाटायला नको. फाटकावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. करवतीवर तुषार पोचतात, पाऊस पोचत नाही. धातूंच्या गंजण्यासाठी हवामानाचे वर्ग ठरवणारं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या सौम्य म्हणजे दुसऱ्या वर्गात साध्या पोलादाची झीज पहिल्या वर्षी १.३ ते २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरली आहे, तर खाऱ्या किनारी हवेच्या पाचव्या वर्गात ८० ते २०० मायक्रॉन. दाराच्या कडीला १०० मायक्रॉन म्हणजे काहीच नाही. पटाशीच्या धारेला ते सर्वस्व आहे.

भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने हत्यारं उचलणाऱ्यांनी एवढ्यासाठी गंजाच्या रंगापेक्षा खळग्यांची जागा पाहावी. पटाशीची किंवा रंध्याच्या पात्याची सपाट पाठ धारेजवळ खड्ड्यांनी भरलेली असेल तर धार नीट येणार नाही, कारण धार म्हणजे दोन गुळगुळीत पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेषा. दांड्याकडच्या बाजूचे खड्डे खुशाल सोडून द्यावेत. जुन्या पात्यांवर धारेपासून काही अंतरावर एक अस्पष्ट आडवी रेषा सापडते. तिथे नरम लोखंडाच्या अंगावर कडक पोलादाचा तुकडा भट्टीत तापवून, ठोकून जोडलेला असतो. रेषेच्या पुढे पोलाद शिल्लक असेल तरच पातं घेण्यात अर्थ. विलायती पटाशीवर ‘कास्ट स्टील’ असा ठसा दिसला तर ते बीड, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंड, समजून टाकू नका. शेफिल्डला बेंजामिन हंट्समन यांनी १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली, त्या जातीचं ते पोलाद. खरं बीड असतं ते रंध्याच्या लोखंडी अंगाचं, आणि ते फरशीवर पडलं की तडकतं.

आता धुणं. आधी तारेच्या ब्रशने सुटी खपली काढायची, मग धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात हत्यार बुडवून ठेवायचं. सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. त्याच्या अल्कलीत लोखंड गंजत नाही, आणि क्लोराइड हळूहळू बाहेर येतो. पाणी पुन्हा पुन्हा बदलायचं. समुद्राकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी इथे चालणार नाही. पहिल्या सरी जाऊ देऊन धरलेलं पागोळ्यांचं पाणी चांगलं. शहरात एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी फुकट मिळतं, त्यातही क्षार जवळजवळ नसतात.

गंज जाड असेल तर याच सोड्याच्या पाण्यात वीज सोडतात. प्लास्टिकची बादली, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर, हत्यार ऋण टोकाला आणि एखादी जुनी लोखंडी सळी धन टोकाला. हत्यारावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, गंज मऊ काळा होऊन सुटतो आणि क्लोराइड सळीकडे ओढला जातो. समुद्रातून वर काढलेल्या लोखंडी तोफांचं मीठ संग्रहालयांत याच तत्त्वावर काढतात. किनाऱ्यावरच्या माणसासाठी मला हीच रीत सगळ्यात पटते, कारण ती गंजाबरोबर मीठही काढते. मात्र सळी स्टेनलेस स्टीलची नको, तिच्यातून क्रोमियमचे विषारी क्षार तयार होऊ शकतात. पाण्यात मीठ तर अजिबात नको, त्यातून क्लोरीन वायू निघतो. आणि हायड्रोजन पेट घेतो, तेव्हा हा उद्योग अंगणात करावा, चार्जर बंद केल्यावरच चिमटे काढावेत.

आंबट वस्तूंनी गंज सुटतो हे घरोघरी माहीत आहे. चिंचेत टार्टरिक आम्ल, कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल, आणि दोन्ही लोखंडाचे अणू धरून ठेवतात. पण म्हणून कोकमाच्या आगळाची बाटली ओतू नका, त्यात भरपूर मीठ असतं. त्यापेक्षा लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून वापरावं, आणि नंतर सोड्याच्या पाण्याने आम्ल मारावं. करवतीचं पातं किंवा स्प्रिंग आम्लात रात्रभर ठेवणं धोक्याचं, कारण आम्लातून सुटलेला हायड्रोजन कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो.

कच्ची केळी चिरताना विळी काळी पडते, त्याच रसायनाचा उपयोग शेवटच्या हाताला होतो. सह्याद्रीत मिळणाऱ्या हिरड्यात टॅनिन विपुल असतं. हिरडा उकळून गाळलेलं पाणी गंजाचा पातळ थर राहिलेल्या लोखंडाला लावलं की निळसर काळं लोह-टॅनेट तयार होतं आणि बऱ्यापैकी टिकतं. बाजारातल्या गंजरोधक द्रावणांपैकी काहींत टॅनिक आम्लच असतं. खाली मीठ राहिलेलं असेल तर हा काळा थरही पोपडा धरून उठतो.

मग तेल. खोबरेल तेल सुकून कडक होत नाही, ते ओघळत राहतं आणि त्यातली सुटी मेदाम्लं कालांतराने वाढतात. धातूवर मशीनचं खनिज तेल किंवा मेण लावावं आणि जवसाचं तेल दांड्याला द्यावं, कारण ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. सैल झालेला हातोडा पाण्यात बुडवून घट्ट करण्याची सवय सोडलेली बरी. लाकूड फुगतं, लोखंडाच्या भोकात दाबलं जाऊन त्याचे तंतू चेपतात आणि वाळल्यावर ते आधीपेक्षा सैल होतं.

खंडेनवमीला हत्यारं घासूनपुसून पुजतात, पण तोवर पावसाळा आपलं काम उरकून गेलेला असतो. पापड, सुकी मासळी, सरपण यांच्या आगोटीत, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीत, हत्यारांचीही एक दुपार धरावी. पेटीत गोणपाट अंथरू नये, ते ओल आणि मीठ दोन्ही धरतं. पितळी वस्तू लोखंडाला टेकवून ठेवू नये, खाऱ्या ओलीत पितळ सुरक्षित राहतं आणि लोखंड खाल्लं जातं. कानशी एकमेकींवर रचू नयेत, पटाशांच्या धारा सुट्या ठेवाव्यात. एवढं झालं की मांडणी ज्याच्या त्याच्या सवयीची.

पेटीतली हवा कोरडी ठेवायला सिलिका जेल चालतं, पण आषाढात ते लवकर भरतं आणि पुन्हा तापवून वाळवावं लागतं. लाकडी कपाट असेल तर तळाशी जाळीत बसवलेला कमी वॅटचा पिवळा दिवा जास्त कामाचा. बाहेर २८ अंश सेल्सिअस आणि ९० टक्के आर्द्रता असताना तीच हवा कपाटात ३६ अंशांपर्यंत तापली, तर तिच्यातलं पाणी तेवढंच राहूनही सापेक्ष आर्द्रता ५७ टक्क्यांच्या आसपास उतरते. धुऊन मीठ काढलेल्या लोखंडाला एवढं पुरतं. न धुतलेल्याला पुरत नाही, मॅग्नेशियम क्लोराइड ५७ टक्क्यांतही पाणी पितं. चुलीवरच्या माळ्यावर हत्यारं ठेवण्याच्या जुन्या रिवाजामागेही मुख्यतः हीच ऊब होती. आता चुलीच्या जागी गॅस आलाय, आणि घराघरात पावसाळी वीज जाते तेव्हा दिवाही विझतो. त्यामुळे तेलाचा हात दर पंधरवड्याला फिरवावा लागतोच.