नॉर्डिक नाताळ: स्वेटरवरचा तो तारा मुळात गुलाब आहे

विणकामाच्या ग्रुपांवर नोव्हेंबर लागला की 'वायकिंग पॅटर्न'ची मागणी सुरू होते. म्हणजे लाल नाहीतर राखाडी स्वेटर, छातीवर आठ टोकांचा पांढरा तारा, जमलंच तर दोन रेनडिअर. त्याच्या जोडीला पांढऱ्या भिंती, पेंढ्याचा बोकड, खिडकीत दिव्यांचा त्रिकोण आणि वेलचीचे बन, असा सगळा संच हल्ली 'नॉर्डिक ख्रिसमस' या एकाच नावाखाली ओळखला जातो. मी स्वतः बरीच वर्षं विणतेय आणि हे सगळं मला मनापासून आवडतं, म्हणूनच ते हजार वर्षं जुनं आहे असं कुणी सांगितलं की राहवत नाही. बहुतेक गोष्टी गेल्या पावणेदोनशे वर्षांतल्या आहेत आणि त्यातल्या कितीतरी गरीब घरांत, हाताशी होतं त्यातून झालेल्या आहेत.

जुना भाग थोडक्यात सांगते. तिकडे नाताळाला आजही 'यूल' म्हणतात आणि हा शब्द ख्रिस्ती धर्म येण्याआधीचा आहे. दहाव्या शतकातल्या नॉर्वेच्या एका राजाने यूलचा सण ख्रिस्तजन्माच्या तारखेला जोडला असं सागांमध्ये, म्हणजे तिकडच्या जुन्या गद्यकथांमध्ये, लिहिलंय. स्वीडनमध्ये १३ डिसेंबरला लुसिया, म्हणजे संत लुसियाचा सण, साजरी होते, कारण जुन्या कॅलेंडरप्रमाणे मध्ययुगाच्या उत्तरार्धात वर्षातली सगळ्यात मोठी रात्र याच सुमाराला यायची. डेन्मार्क-नॉर्वेने १७०० साली कॅलेंडर बदललं, स्वीडनने १७५३ साली, मोठी रात्र पुढे सरकली आणि सण जागच्या जागी राहिला. या सणातली लुसिया, म्हणजे डोक्यावर मेणबत्त्या लावलेली पांढऱ्या झग्यातली मुलगी, मात्र जुनी नाही. तिची पहिली नोंद १७६४ सालची, एका जमीनदाराच्या वाड्यातली, आणि ती देशभर पोचली ती १९२७ साली स्टॉकहोममधल्या एका वर्तमानपत्राने लुसिया निवडायची स्पर्धा घेतली त्यानंतर.

आता स्वेटर.

पहिली गोष्ट म्हणजे वायकिंग विणत नव्हते. सुयांवरचं विणकाम नॉर्वेत रुजलं साधारण सोळाव्या शतकात आणि वायकिंगांचा काळ अकराव्या शतकातच संपलेला. त्यांच्याकडे होतं ते नोलबिंडिंग, म्हणजे एकाच जाड सुईने लोकरीच्या तोकड्या धाग्याचे फास एकमेकांत ओवत जायचं. त्याचे मोजे, हातमोजे उबदार होतात पण त्यात आपल्यासारखे सुलट-उलट टाके नसतात आणि दोन रंगांची अशी नक्षी तर नसतेच. त्यामुळे 'वायकिंग स्वेटर' ही वस्तूच कधी नव्हती.

तारा आला तो हातमोज्यांवरून. नॉर्वेत त्रोंडहाइमच्या आग्नेयेला सेल्बू नावाचं गाव आहे, तोवर ते ओळखलं जायचं जात्याच्या दगडांसाठी. १८५७ साली तिथल्या सोळा वर्षांच्या एका मुलीने काळ्या-पांढऱ्या लोकरीत दोन रंगांचे हातमोजे विणले, ती आणि तिच्या बहिणी ते घालून चर्चला गेल्या आणि बघता बघता गावातल्या सगळ्या बायका तेच विणायला लागल्या अशी तिथली हकीगत आहे. काळा-पांढरा का, तर काळ्या आणि पांढऱ्या मेंढ्यांची लोकर होती तशीच वापरता यायची, रंगवायचा खर्च नको. पुढे लग्नात पाहुण्यांना असे हातमोजे देण्याची पद्धत पडली, मग ते विकायला बाहेर जायला लागले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात सेल्बूच्या घराघरांत ते उत्पन्नाचं साधन झालं. गावाच्या अधिकृत चिन्हावर आज हीच नक्षी आहे.

आणि गंमत म्हणजे तिथे कुणी तिला तारा म्हणतच नाही! नॉर्वेजियन भाषेत ती आहे 'आठ पाकळ्यांचा गुलाब', किंवा नुसता सेल्बूचा गुलाब. बाहेरच्या बाजारात, विशेषतः नाताळच्या मालावर, तिचा तारा झाला, मग हिमकण झाला, आणि आता इंटरनेटवर ती वायकिंगांची खूण झालीये. एकाच नक्षीला तीन नावं आणि तिन्ही मागून चिकटलेली. मराठी माणसाने नुसतं बघितलं तर तो सरळ म्हणेल हे तर अष्टदल आहे, आपल्या रांगोळीत असतं ते. दिसतं तसंच, पण म्हणून काही नातं लावायला जाऊ नये. हीच आकृती लॅटव्हियाच्या हातमोज्यांवर आहे, युरोपच्या जुन्या भरतकामाच्या नमुन्यांत आहे, दक्षिण अमेरिकेतल्या विणलेल्या कापडावरही आहे. कारण अगदी साधं आहे, चौकटीच्या कागदावर तिरकी रेघ काढायची तर प्रत्येक ओळीला एक घर सरकायचं, आणि तशा आठ तिरक्या पाकळ्या मधल्या एका बिंदूभोवती बरोबर बसतात. जिथे जिथे घरं मोजून काम होतं तिथे तिथे ही आकृती आपोआप सापडते. विणताना आणखी एक फायदा म्हणजे दोन रंग सतत आलटून पालटून येतात, त्यामुळे मागच्या बाजूने जाणारे धागे फार लांब लोंबत नाहीत, बोटं अडकत नाहीत आणि कापड दुपटीचं होऊन ऊब वाढते. मासे पकडणाऱ्याला आणि लाकूड तोडणाऱ्याला ही ऊब हवी होती, नक्षी त्याच्यासोबत आली.

नॉर्वेतल्याच सेतेस्दाल खोऱ्यातला काळा स्वेटर, ज्याच्यावर बारीक पांढरे ठिपके असतात, तोही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातलाच. त्या ठिपक्यांना तिथले लोक 'उवा' म्हणतात आणि स्वेटरचं नावच उवांचा स्वेटर आहे. त्याच्यावरूनच १९५३ साली तो लाल-पांढरा-निळा, नॉर्वेच्या झेंड्याच्या रंगांचा 'मारियुस' स्वेटर निघाला, जो बहुधा जगात सगळ्यात जास्त विणला गेलेला नॉर्वेजियन नमुना असेल, आणि तो नेमका कुणी डिझाइन केला यावरून दोन घरांत वर्षानुवर्षं वाद झाला.

या कपड्यांचं राजकारण किती खोल आहे हे दोन निर्णयांवरून दिसतं. पहिला दुसऱ्या महायुद्धातला. नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात होता आणि लोकांनी विरोध दाखवायला लाल विणलेल्या कानटोप्या घालायला सुरुवात केली, नाताळातल्या 'निस्से' नावाच्या घरभुताची असते तशी. हा निस्से म्हणजे शेतघराची राखण करणारा दाढीवाला बुटका, नाताळच्या रात्री त्याच्यासाठी लापशीचा वाडगा ठेवतात. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्रोंडहाइमला पोलिसांनी या लाल टोप्यांवर बंदीच घातली. निस्सेसोबत नॉर्वेचा झेंडा असलेली नाताळची कार्डंही जप्त झाली होती. एक कानटोपी घातली म्हणून शिक्षा होऊ शकत होती, हे लक्षात ठेवलं की आज दुकानातल्या लाल टोपीकडे बघायची नजर बदलते.

दुसरा निर्णय २०१८ सालचा, आणि याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण विणणाऱ्यांमध्ये अजून यावरून भांडणं होतात. त्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी नॉर्वेच्या स्कीइंग टीमला एका जुन्या, नावाजलेल्या कंपनीने स्वेटर करून दिला. त्यात नेहमीच्या नक्षीऐवजी वर तोंड केलेल्या बाणासारखं रुन, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतलं, अक्षर होतं, टिर या नॉर्स युद्धदेवाचं. हेच अक्षर नाझींनी वापरलं होतं आणि स्कँडिनेव्हियातली एक नवनाझी संघटना तेव्हा तेच झेंड्यावर लावून रस्त्यावर मोर्चे काढत होती. आक्षेप आले, चर्चा झाली आणि जानेवारीत टीमने तो स्वेटर घालायचा नाही असं ठरवलं.

एक बाजू म्हणते आपली अक्षरं आपण सोडून दिली तर ती कायमची त्यांचीच होतील, घालत राहिलं तरच परत मिळतील. ही बाजू मला कळते, आणि स्वस्तिकाबद्दल आपण भारतीय परदेशात जे समजावून सांगत बसतो ते अनुभवलेल्या कुणालाही कळेल. तरीपण मला टीमचा निर्णय बरोबर वाटतो, आणि त्याचं कारण विणकामातलंच आहे. रुन अक्षरं नॉर्वेच्या पारंपरिक स्वेटरवर कधी नव्हतीच. गुलाब होता, उवा होत्या, हरणं होती, नागमोडी रेघा होत्या. स्वेटर वायकिंग दिसावा म्हणून ते अक्षर नव्याने आणलं गेलं होतं, मग ते काढून टाकल्याने परंपरेतलं काय गेलं? १९४२ ची टोपी लोकांच्या डोक्यावर आधीपासून होती म्हणून तिच्यावरची बंदी झोंबली. बाण कुणाच्या आजीने विणलेला नव्हता.

शेजारच्या देशांत 'प्राचीन' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोष्टी तर आणखी अलीकडच्या. स्वीडनच्या बोहुसलेन किनाऱ्यावर दगडफोडीची कामं बंद पडली, कामगारांच्या बायकांना काहीतरी मिळकत हवी म्हणून १९३९ मध्ये विणकामाचा उपक्रम सुरू झाला आणि त्यातून गळ्याभोवती गोलाकार रंगीत नक्षी असलेले अतिशय तलम स्वेटर निघाले. १९६९ ला तो बंदही झाला. आइसलँडचा लोपापेइसा, गोल गळ्याच्या नक्षीचा तो जाड स्वेटर, जो बघून वाटतं की थेट सागांमधून आलाय, तो विसाव्या शतकाच्या मधला आहे.

घराच्या सजावटीचंही असंच. पेंढा, कागद, लाकूड, मेणबत्ती, बास. फिनलंडचं 'हिम्मेली' म्हणजे राय नावाच्या धान्याच्या काड्या दोऱ्यात ओवून केलेलं झुंबर, ते जेवणाच्या टेबलावर टांगायचं म्हणजे पुढचं पीक चांगलं येतं अशी समजूत. पेंढ्याचा बोकड घरोघरी छोटाच असतो, तो तेरा मीटर उंच करून चौकात उभा करायची कल्पना स्वीडनमधल्या येव्ले शहरात १९६६ ला आली आणि पहिल्याच वर्षी ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री कुणीतरी तो पेटवून दिला. खिडकीतला दिव्यांचा त्रिकोण तर विजेचा, १९३० च्या दशकातला. स्वीडनमधल्या योतेबोरी शहरातल्या एका कामगाराने झाडावरच्या दिव्यांची जुनी माळ लाकडी स्टँडवर बसवली, आई-वडिलांना खऱ्या मेणबत्त्यांची आगीची भीती होती म्हणून, आणि १९३९ पासून तो कारखान्यात बनायला लागला. आज डिसेंबरात स्वीडनमध्ये कुठल्याही गल्लीत शिरा, खिडकी खिडकीत तोच दिसतो.

मग या सगळ्याला 'स्कँडिनेव्हियन स्टाइल' असं एक नाव कसं पडलं? भाषेने आणि इतिहासाने बघितलं तर डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन हे स्कँडिनेव्हिया. फिनलंड आणि आइसलँड धरले की नॉर्डिक. पण १९५४ ते १९५७ अशी साडेतीन वर्षं अमेरिका आणि कॅनडात एक फिरतं प्रदर्शन गेलं, त्यात डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडच्या खुर्च्या, काच, कापड, भांडी एकत्र मांडली आणि नाव दिलं स्कँडिनेव्हियन. युद्धानंतर फिनलंडलाही पश्चिमेकडच्या गटात दिसायचं होतं, त्यामुळे कुणी फारशी तक्रार केली नाही. फिका लाकूड-रंग, साधेपणा, 'सगळ्यांसाठी सुंदर वस्तू' ही आज आपल्या डोक्यात असलेली प्रतिमा मुख्यतः तिथून आली, आणि मग सपाट खोक्यात फर्निचर देणाऱ्या त्या निळ्या-पिवळ्या स्वीडिश दुकानाने, इकियाने, ती जगभर नेली. डिसेंबर २०२० मध्ये ते नवी मुंबईत तुर्भ्याला उघडलं, तेव्हापासून आपल्याकडेही कागदी तारे आणि पेंढ्याचे बोकड सहज मिळायला लागले.

डॅनिश 'ह्युगे' हा शब्दही असाच मागून चढला. मूळ नॉर्वेजियन शब्द, डॅनिश लिखाणात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास दिसायला लागला, अर्थ साधारण चार माणसांत ऊबदार, निवांत बसणं. त्याला दुसऱ्या भाषेत शब्दच नाही म्हणतात ते खरं नाही, नॉर्वेत 'कोसेली' आहे, स्वीडनमध्ये 'मीस' आहे. २०१६ साली ब्रिटनमध्ये यावर पुस्तकांची रांग लागली आणि त्याच डिसेंबरात डेन्मार्कच्या सरकारने लोकांच्या मतदानाने ठरवलेल्या दहा राष्ट्रीय मूल्यांत ह्युगेला स्वातंत्र्य आणि समतेच्या शेजारी बसवलं.

आणि बेकिंग. इथे मात्र खरोखर जुनं काही सापडतं, लोखंडी साचे. क्रुमकाके, गोरो हे नॉर्वेजियन पातळ बिस्किटांचे प्रकार विस्तवावर धरलेल्या नक्षीदार साच्यात भाजायचे, ओव्हन घरात यायच्या आधीपासून. ओव्हनची बिस्किटं एकोणिसाव्या शतकात लोखंडी शेगडी घरोघर पोचल्यावर वाढली, आणि मग नाताळला सात प्रकार झालेच पाहिजेत असा दंडक पडला, सातापेक्षा कमी म्हणजे कंजूष. फुलाच्या आकाराचा साचा पिठात बुडवून तळायचा 'रोसेट'सुद्धा त्यातलाच, आपल्याकडे गोव्यात आणि वसईत नाताळला रोझ कुकीज करतात अगदी तशाच, तोच साचा, तेच खुसखुशीत. लुसियाचे केशराचे बन एस आकाराचे आणि दोन्ही टोकांना मनुका.

वेलचीचं म्हणाल तर तीही वायकिंगांनी कॉन्स्टँटिनोपलहून आणली असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पुरावा कुणी देत नाही. मध्ययुगातल्या मसाल्याच्या व्यापारातून, युरोपच्या दक्षिणेकडून ती वर गेली हे जास्त पटतं. निघाली मात्र आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकावरून. आज त्यांच्या बनमध्ये पडणारी वेलची बरीचशी ग्वाटेमालाची असते, आणि ती ते भरड कुटतात, दाण्याचा तुकडा दाताखाली यायला हवा म्हणून. आपण नानकटाईत घालतो तशी वस्त्रगाळ पूड घातली तर बनला ती चव येत नाही, मी दोन्ही करून बघितलंय.