नागपूरहून सुटणारी सहल: मध्य भारताच्या जंगल-वारसा फेरीची पार्श्वभूमी

सहल कंपन्यांच्या पत्रकात मध्य भारताचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. नागपूरला उतरायचं, वाटेत रामटेक उरकायचं, पेंचला दोन सफारी, कान्हाला तीन-चार, मग बांधवगड, पुढे पन्ना आणि खजुराहो, शेवटी ओरछा-ग्वाल्हेर करून दिल्ली गाठायची. सकाळी वाघ, दुपारी देऊळ, रात्री रिसॉर्टच्या अंगणात शेकोटी आणि आदिवासींचा कर्मा नाच. सोबत कंपनीचा निसर्गतज्ज्ञ, आणि जंगलाच्या गेटवर जिप्सीत चढणारा वनखात्याचा गाइड. वाचणाऱ्याला वाटावं, ही फेरी पूर्वापार अशीच चालत आली असेल. प्रत्यक्षात तिचे तुकडे निरनिराळ्या लोकांनी आपापल्या कामासाठी पाडले. कुणाला साग हवा होता, कुणाला शिकार, कुणाला जुन्या देवळांची मोजमापं. ‘वन्यजीव’ आणि ‘संस्कृती’ असे दोन रकाने त्याहूनही उशिरा आखले गेले, आणि ते आखताना जंगलात राहणारी माणसं कुठल्याच रकान्यात धड बसली नाहीत.

आज ज्याला आपण कोअर (व्याघ्र प्रकल्पाचा आतला गाभा) आणि बफर (त्याभोवतीचा पट्टा) म्हणतो, तो बहुतेक मुलूख गोंड राजांचा. गढा-मंडला, देवगड, चांदा आणि खेडला ही त्यांची मोठी राज्यं. अकबराच्या फौजेशी लढताना १५६४ मध्ये कामी आलेली राणी दुर्गावती गढ्याची. नागपूर शहर १७०२ मध्ये वसवलं ते देवगडच्या बख्त बुलंदशहानं; भोसले आले नंतर. नागपूरला उतरून थेट पेंचकडे गाडी पिटाळणाऱ्यांना हे सहसा कुणी सांगत नाही. ताडोब्यात मात्र गोंडांची खूण रस्त्यावरच दिसते. जंगलातून जाणाऱ्या जुन्या वाटेच्या कडेला ठरावीक अंतरावर दगडी खांब उभे आहेत. त्यांवरून दोर ओढलेला असे, त्याला घंटा बांधलेल्या असत आणि राजाची स्वारी निघाली की त्या वाजवून पुढे वर्दी जाई, असं गाइड सांगतात. ताडोबा हे नावच तारू नावाच्या गोंड प्रमुखाशी जोडलेलं आहे. वाघाशी झुंजताना तो मारला गेला आणि देव झाला, अशी कथा आहे. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात आसपासचे आदिवासी तिथे पूजेला येतात.

मराठी वाचकासाठी या वाटेवर आणखी एक धागा आहे. १७२९ मध्ये मोगल सरदार मुहम्मद खान बंगशानं कोंडीत पकडलेल्या बुंदेला राजा छत्रसालाच्या मदतीला पहिला बाजीराव बुंदेलखंडात धावून गेला आणि त्या उपकाराची फेड म्हणून पेशव्यांना बुंदेलखंडाचा मोठा हिस्सा मिळाला. आज पन्नाची सफारी होते ती याच छत्रसालाच्या मुलखात.

१८५३ मध्ये डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. सहलीचा आजचा नकाशा खऱ्या अर्थानं इथून सुरू होतो. रेल्वेच्या रुळांसाठी लाकूड लागत होतं, तेव्हा सातपुड्यात सरकारच्या मालकीचं जंगल नेमकं किती आणि कसलं, हे पाहायला अधिकारी धाडले गेले. त्यातला कॅप्टन जेम्स फोरसिथ हा सगळ्यात माहीत असलेला. पचमढीला १८६२ मध्ये बांधलेला त्याचा ‘बायसन लॉज’ अजून उभा आहे. १८७१ मध्ये त्याचं पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यात जंगल, डोंगर, गोंडांचे रीतिरिवाज आणि गवा-वाघाची शिकार असं सगळं एकाच दमात येतं. एकाच फेरीत निसर्गही दाखवायचा आणि लोकजीवनही, हा आजच्या पत्रकांचा साचा मला तिथेच पडलेला दिसतो. फरक इतकाच की फोरसिथच्या हातात बंदूक होती.

पाठोपाठ जंगलं राखीव होऊ लागली. बोरीचं जंगल १८६५ मध्ये राखीव झालं, कान्हाचं १८७९ मध्ये. राखीव म्हणजे आत राहणाऱ्यांच्या वहिवाटीवर गदा आली. बैगा लोक बेवर करत, म्हणजे जंगलाचा तुकडा तोडून जाळायचा, राखेत बी फेकायचं आणि दोन-तीन वर्षांनी पुढे सरकायचं. धरणीच्या अंगावर नांगर चालवणं म्हणजे आईची छाती फाडणं, अशी त्यांची श्रद्धा. सरकारला बेवर म्हणजे सागाची नासाडी वाटली. बंदी आली, आणि १८९० मध्ये मंडला जिल्ह्यात एक ‘बैगा चक’ आखून तेवढ्यापुरती सवलत ठेवली गेली. आज डिंडोरी जिल्ह्यात येणारा हा भाग काही कंपन्या ‘अस्सल आदिवासी अनुभव’ म्हणून विकतात. तो कसा आखला गेला, हे त्या पत्रकात नसतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल-नागपूर रेल्वेच्या छोट्या रुळांनी गोंदिया, बालाघाट, नैनपूर, मंडला, जबलपूर, छिंदवाडा ही गावं जोडली आणि जंगलाचा दरवाजा उघडला. लाकूड बाहेर गेलं, शिकारी आत आले. नागपूर-छिंदवाडा आणि जबलपूर-बालाघाट या गाड्या २०१५ मध्ये थांबल्या. रूळ आता रुंद झालेत आणि नैनपूरला त्या छोट्या गाडीचं संग्रहालय आहे. कान्हाला जाताना तासभर काढून तिथे थांबावं.

शिकारीचा काळ मात्र झटकन उरकून चालणार नाही, कारण आजच्या सफारीची सगळी भाषा आणि सगळी कारागिरी तिथली आहे. मचाण, हाका (रान उठवून जनावर शिकाऱ्यापुढे हाकणं), गारा (वाघानं मारलेलं सावज), माग हे शब्द शिकारीतले. रेवा संस्थानात १०९ वाघ मारणं राजाला शुभ मानलं जाई, असं सांगतात. बांधवगड हे त्यांचं राखीव रान. त्याच संस्थानाच्या महाराजा मार्तंडसिंहांनी १९५१ मध्ये सीधीच्या जंगलात पांढऱ्या वाघाचा बच्चा पकडला. तो मोहन. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतल्या बहुतेक पांढऱ्या वाघांचं मूळ त्याच्यापर्यंत पोचतं.

स्वातंत्र्यानंतर संस्थानं गेली, पण शिकार गेली नाही. तिचा धंदा झाला. परदेशी पाहुण्यांना वाघ मारून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी १९५०च्या दशकात अशीच एक कंपनी काढली होती. मध्य भारताच्या जंगलात ती शिकारीच्या मोहिमा नेई आणि छायाचित्रणाच्याही. म्हणजे बंदूक आणि कॅमेरा काही काळ एकाच गाडीतून हिंडले. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत कान्हा आणि आपलं मेळघाट होतं.

माग काढणारे हात तेच राहिले. सुरुवातीच्या वर्षांत कान्हात पाहुण्यांना वाघ दिसावा म्हणून रेडकू बांधत. ते बंद झाल्यावर ‘टायगर शो’ आला. पहाटे माहूत हत्ती घेऊन निघायचे, पंजांचे ठसे आणि चितळ-वानरांचे इशारे यांवरून वाघ शोधायचे आणि दोन-तीन हत्तींनी त्याला झुडपात धरून ठेवायचे. मग वायरलेसवर निरोप जायचा. गाड्या रांगेत, हातात नंबराचं टोकन, पाळी आली की गाडीतून हत्तीवर, पाच मिनिटं वाघ, पुन्हा गाडीत. वाघ बिचारा बहुधा झोपलेला असायचा. हाक्याची ही शेवटची आवृत्ती. फक्त टोकाला गोळी नव्हती. दहा-बारा वर्षांपूर्वी हा प्रकार थांबला आणि चांगलंच झालं. आता जिप्सी थांबवून गाइड इंजिन बंद करायला सांगतो, कान देतो आणि ‘कॉल चालू आहे’ म्हणतो, म्हणजे चितळ-वानरं वाघाचा इशारा देताहेत. हत्तीवरच्या पाच मिनिटांपेक्षा ती वाट पाहणं मला केव्हाही जास्त मोलाचं वाटतं.

कान्हाचं गवताळ मैदान पाहून सगळेच हरखतात. त्यातली कित्येक मैदानं गावांच्या जागी आहेत. कान्हाला १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, तेव्हा आत गोंड-बैगांची वस्ती होती, गुरं होती, शेतं होती. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी १९६०च्या दशकात इथे राहून वाघ आणि त्याच्या भक्ष्यांचा अभ्यास केला, तो याच मिश्र जंगलात. कठीण जमिनीवरचा बारशिंगा जगात फक्त इथेच उरला होता आणि १९७० मध्ये त्याची संख्या ६६ वर आली होती. त्याला विणीसाठी उंच गवत हवं. मंडल्याचे तेव्हाचे जिल्हाधिकारी एम. के. रणजितसिंह यांनी सौंफ हे गाव हलवण्यासाठी खटपट केली. पुढे १९७२च्या कायद्याच्या मसुद्यातही त्यांचा मोठा वाटा होता. त्यानंतर गावामागून गाव उठलं. बारशिंगा वाचला, इतका की त्यातले काही सातपुडा आणि बांधवगडला पाठवता आले. उठलेल्यांचं काय झालं, याची उत्तरं गावागणिक वेगळी आहेत. मैदानाच्या कडेला आंब्याची झाडं दिसली की गाइडला विचारावं, इथे कोणतं गाव होतं. पुष्कळदा तो त्याच गावातल्या घरचा असतो. ज्या रानातून आजोबा उठले, तिथे नातू वर्दीत पाहुणे घेऊन फिरतो.

दुसरा रकाना, म्हणजे देवळं आणि लेणी, वेगळ्याच दिशेनं आला. कॅप्टन बर्टनं १८३८ मध्ये खजुराहोचा ‘शोध’ लावला असं छापतात. त्याला तिकडची वाट सांगितली ती त्याच्या पालखीच्या भोयांनी, आणि तिथल्या मतंगेश्वराच्या देवळातली पूजा तर कधी थांबलीच नव्हती. पुढे पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमनं देवळांची पद्धतशीर नोंद केली. चंदेल राजांनी उभारलेल्या ८५ देवळांची परंपरा सांगतात. त्यातली पंचवीसेक उरली आहेत. १९८६ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली, सांची १९८९ मध्ये आणि भीमबेटका २००३ मध्ये. भीमबेटकाच्या चित्रित गुहांचं श्रेय पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांचं. १९५७ मध्ये रेल्वेतून जाताना त्यांना ते खडक दिसले आणि ते वाकडी वाट करून तिथे गेले.

खजुराहोला रेल्वे पोचली २००८ मध्ये. तोवर तिथला परदेशी पाहुणा यायचा मुख्यतः विमानानं, दिल्ली-आग्रा-खजुराहो-वाराणसी या फेरीत, आणि वाघाचं नावही न काढता पुढे जायचा. जंगलवाला पाहुणा नागपूर-जबलपूरकडून येई आणि जंगल पाहून परत फिरे. या दोन टोकांना टाका घातला पन्नाने, कारण ते खजुराहोपासून तासाभराच्या आत आहे. २००९ मध्ये मात्र पन्नात एकही वाघ उरला नाही. शिकारी टोळ्यांनी रान रिकामं केलं होतं. त्याच वर्षी बांधवगड आणि कान्हातून एकेक वाघीण आणली, मग पेंचहून एक नर. हा नर काही दिवसांतच दक्षिणेला, थेट आपल्या जुन्या घराच्या दिशेनं चालू लागला. वनखात्याचे लोक हत्ती घेऊन महिनाभर त्याच्या मागे होते आणि डिसेंबरात त्याला बेशुद्ध करून परत आणलं. २०१० मध्ये पहिले बछडे झाले. याच पन्नात पूर्वी शिकारीसाठी बदनाम झालेल्या पारधी समाजातले तरुण आज पाहुण्यांना पायी जंगल दाखवतात. पक्ष्यांचे आवाज काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

२०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं कोअरमधलं पर्यटन तात्पुरतं थांबवलं. ऑक्टोबरात ते सुरू झालं ते नव्या मार्गदर्शक तत्त्वांसह: कोअरच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भाग पर्यटनाला नाही, आणि गाड्यांच्या संख्येवर मर्यादा. आपल्याला आज महिने आधी परमिट काढावं लागतं त्यामागे हे आहे. कोअर मिळेना तेव्हा कंपन्यांनी बफरकडे आणि गावांकडे मोर्चा वळवला, आणि ‘संस्कृती’चा रकाना फुगत गेला.

त्या रकान्यात सगळ्यात खपणारी वस्तू म्हणजे गोंड चित्र. रिसॉर्टच्या भिंतीवर ठिपक्या-रेघांची हरणं आणि झाडासारखी फुटलेली शिंगं असतातच. ही शैली मात्र एका माणसाच्या हातून घडली आणि तीही अलीकडे. परधान हे गोंडांचे भाट. बाणा या तंतुवाद्यावर वंशावळी आणि गोंडांच्या बडा देवाची गाणी गाणारे. यजमान गरीब झाले तशी ती वृत्ती आटली. पाटणगढच्या जनगढसिंह श्याम या परधान तरुणानं घराच्या भिंतीवर काढलेली चित्रं १९८१ च्या सुमारास भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रातल्या चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या चमूच्या नजरेस पडली. त्यानं गाण्यातले देव कागदावर उतरवले, भोपाळच्या नव्या विधानसभेची भिंत रंगवली, पॅरिसपर्यंत गेला आणि २००१ मध्ये जपानमध्ये त्याचा शेवट झाला. त्यानं हाताशी धरलेल्या नातलगांतून आणि गावकऱ्यांतून पुढची पिढी तयार झाली; भज्जू श्याम आणि दुर्गाबाई व्याम पद्मश्री झाले. पाटणगढ डिंडोरी जिल्ह्यात आहे. कान्हाहून बांधवगडला जाताना हाच जिल्हा लागतो आणि गाव थोडं आडवाटेला आहे. तिथे घरोघरी चित्रकार आहेत आणि चित्र काढणाऱ्याच्याच हातून विकत घेता येतं. कार्यक्रमपत्रिकेत ते नसेल तर बुकिंग करतानाच घालून घ्यावं. वाटेत ऐन वेळी म्हटलं तर चालक बांधवगडच्या दुपारच्या सफारीचं कारण सांगून गाडी पुढे काढतो.