मराठवाड्यातील दूरचित्रवाणी

औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर), जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) या आठ जिल्ह्यांतील दूरचित्रवाणी प्रक्षेपण व त्याचा इतिहास. दूरदर्शनची कार्यक्रम-निर्मिती मुंबई, नागपूर व पुणे येथे एकवटली. मराठवाड्याच्या वाट्याला मुख्यतः बाहेरून आलेला संदेश पुन्हा फेकणारे मनोरे आले. लोक त्यांनाही ‘टीव्ही सेंटर’च म्हणत, औरंगाबादच्या हडको भागातला चौक आजही रिक्षावाल्यांना त्याच नावाने सांगावा लागतो. या नोंदीत प्रक्षेपण केंद्र आणि निर्मिती केंद्र असा भेद केला आहे. तो न पाळल्याने स्थानिक लिखाणात बराच गोंधळ होतो.

पूर्वपीठिका : प्रसारण या प्रदेशाला नवे नव्हते. स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानी मुलखात जी पाच नभोवाणी केंद्रे होती, त्यांत म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा व हैदराबाद यांच्या बरोबरीने औरंगाबादचे नाव येते. १ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद संस्थानातील नभोवाणी आकाशवाणीत विलीन झाली. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस परभणी केंद्र सुरू झाल्यावर शेतीविषयक प्रसारणाचा भार बराचसा त्यावर आला. दूरचित्रवाणी मात्र दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी व मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू होऊनही मराठवाड्यापासून दूरच राहिली.

प्रारंभाचा प्रश्न : मराठवाड्यात दूरचित्रवाणी केव्हा आली, याचे उत्तर ‘आली’ म्हणजे काय यावर अवलंबून आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळातील उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोगाकडे (साइट) आरंभ म्हणून बोट दाखवण्याचा मोह होतो, कारण प्रयोगाची गावे अगदी शिवेपर्यंत आली होती. सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावे त्यात होती. कर्नाटकातील गुलबर्गा, रायचूर व विजापूर हे जिल्हे होते, आंध्रातील काही तेलुगू जिल्हे होते. महाराष्ट्र मात्र नव्हता. ‘एटीएस-६’ या अमेरिकी उपग्रहाचा झोत जिल्ह्याच्या हद्दी पाहून थांबत नव्हता हे खरे. तत्त्वतः उमरग्यात किंवा देगलूरलाही तो पकडता आला असता. पण ८६० मेगाहर्ट्‌झवरचा तो संदेश साध्या संचाला उमगणारा नव्हता. त्यासाठी तारेच्या जाळीची सुमारे ३ मीटर व्यासाची तबकडी आणि वेगळे रूपांतरक लागत, आणि ही सामग्री निवडलेल्या गावांनाच दिली होती. त्यामुळे साइटला मराठवाड्याचा आरंभ मानणे ग्राह्य वाटत नाही.

पुण्याच्या प्रक्षेपकामुळे मराठवाड्यात दूरचित्रवाणी आली, हा दावाही असाच तपासून पाहावा लागतो. १९७३ मध्ये सिंहगडावरून मुंबईचे पुनःप्रक्षेपण सुरू झाले. सपाट प्रदेशातील दृष्टिरेषेचे अंतर (किमी.) काढण्याचे रूढ सूत्र असे : प्रक्षेपक व ग्राही अँटेना यांच्या मीटरमधील उंचीची वर्गमुळे काढून त्यांची बेरीज करावी व तिला ४.१२ ने गुणावे. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मी., म्हणजे पूर्वेकडील पठारापेक्षा ढोबळ मानाने ७०० मी. उंच आहे. घरावरील अँटेना ९ मी. धरली तर मर्यादा सुमारे १२० किमी. येते. ती श्रीगोंद्याच्या थोडी पुढे संपते. बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचे आष्टी सरळ रेषेत १५० किमी.हून अधिक दूर आहे. वातावरणाच्या लहरीने एखाद्या संध्याकाळी चित्र उमटणे शक्य होते, पण त्याला सेवा म्हणता येणार नाही.

याहून बळकट दावा गुलबर्ग्याचा आहे. साइटच्या भागात सेवा चालू राहावी म्हणून १९७७ मध्ये जयपूर, हैदराबाद, रायपूर, संबलपूर, मुझफ्फरपूर व गुलबर्गा येथे जमिनीवरील प्रक्षेपक बसवण्यात आले. गुलबर्ग्यापासून उमरगा सरळ रेषेत सुमारे ६० किमी. आहे आणि उमरग्याचे पठार गुलबर्ग्यापेक्षा उंचावर आहे. उंच बांबूवर अँटेना चढवणाऱ्याला तेथे चित्र मिळण्यास तांत्रिक अडचण नव्हती. तेव्हा मराठवाड्याच्या मातीवर उतरलेली पहिली नियमित दूरचित्रवाणी दक्षिण काठावर, कन्नडमध्ये आणि १९७७ नंतर लवकरच, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. १९५६ पर्यंत हे दोन्ही मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होते, हेही येथे आठवावे. अर्थात प्रदेशात उभा राहिलेला प्रक्षेपक हीच कसोटी धरणारे आरंभ १९८० च्या दशकात नेतात, आणि सरकारी कागदांच्या दृष्टीने तेच बरोबर आहे.

प्रक्षेपकांचे जाळे : १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. ‘इन्सॅट-१ए’ हा भारताचा दळणवळण उपग्रह त्याच वर्षी निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मध्ये सोडलेल्या ‘इन्सॅट-१बी’ ने खरा विस्तार शक्य केला. १९८४ च्या उत्तरार्धात देशात जवळपास दररोज एक प्रक्षेपक कार्यान्वित होत होता. यांतील बहुतेक १०० वॉटचे लघुशक्ती प्रक्षेपक होते. एक तबकडी, एक खोली, एक मनोरा आणि १५ ते २५ किमी.चा पल्ला. शहर आणि भोवतालची खेडी एवढेच त्याचे राज्य.

ग्रामीण मराठवाडा आवाक्यात आणला तो उच्चशक्ती प्रक्षेपकांनी. त्यांत खुलताबादजवळील म्हैसमाळ व बालाघाटच्या कडेवरील अंबाजोगाई ही ठिकाणे महत्त्वाची. म्हैसमाळचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,०६७ मी. उंचीवर, म्हणजे औरंगाबाद शहरापेक्षा जवळपास ५०० मी. वर आहे. मनोऱ्याची उंची न धरताही वरील सूत्राने पल्ला १०० किमी.च्या पुढे जातो. जालना (सुमारे ७५ किमी.) त्यात आरामात बसते; बीड (सुमारे १३५ किमी.) बाहेर राहते. ती उणीव अंबाजोगाईने काही अंशी भरून काढली. तेथून लातूर सरळ रेषेत सुमारे ४० किमी., तर बीड व परभणी ६५ ते ७५ किमी.वर आहेत. नांदेड मात्र १०० किमी.च्या पलीकडे आहे. सूत्र डोंगरांचा हिशेब ठेवत नाही. बालाघाटच्या घळीतील गावांना मनोरा जवळ असूनही चित्र मिळत नसे आणि माथ्यावरच्या वस्तीला दुप्पट अंतरावरून मिळे.

ग्रहणाची साधने : भारतात पॅल-बी ही प्रक्षेपण पद्धती (६२५ रेषा, ७ मेगाहर्ट्‌झ रुंदीची वाहिनी) होती. पट्टा-१ (४७–६८ मेगाहर्ट्‌झ) साठी अॅल्युमिनिअमच्या लांब काड्यांची, तर पट्टा-३ (१७४–२३० मेगाहर्ट्‌झ) साठी आखूड काड्यांची यागी अँटेना लागे. गावाकडच्या छपरावर काडीची लांबी पाहून जाणकार केंद्र ओळखत. पल्ल्याच्या काठावरील गावांत बुस्टर (क्षीण संदेश वाढवणारे उपकरण) अनिवार्य होता. एक जण माळवदावर पाइप फिरवतो, दुसरा दारातून ‘आलं... गेलं... मागं घे’ असे ओरडतो आणि आत पडद्यावर मुंग्या, हा त्या काळचा घरोघरचा प्रयोग होता. माकडांनी काड्या वाकवल्या की तो पुन्हा करावा लागे. वीज गेली तर १२ व्होल्टवर चालणारा कृष्णधवल संच ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडत, विशेषतः क्रिकेटच्या सामन्याला. रविवार सकाळच्या पौराणिक मालिकांविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने येथे विस्तार केलेला नाही.

आशय व भाषा : लघुशक्ती प्रक्षेपक आरंभी उपग्रहावरून येणारा दिल्लीचा कार्यक्रमच दाखवत, त्यामुळे अनेक घरांत टीव्ही आधी आला आणि मराठी नंतर. मुंबईची प्रादेशिक सेवा १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हळूहळू उपग्रहामार्फत पोहोचू लागली. १५ ऑगस्ट १९९४ पासून तिची स्वतंत्र मराठी उपग्रह वाहिनी झाली. ‘सह्याद्री’ हे नाव २००० च्या सुमारास मिळाले. निर्मिती केंद्र नसल्याने मराठवाड्याची दृश्ये मराठवाड्याला दिसण्याआधी मुंबई-दिल्लीची वारी करीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप अंबाजोगाईच्या मनोऱ्यापासून ८० किमी.च्या आत घडला, तरी त्याची चित्रे त्या मनोऱ्यावर परत आली ती याच वळशाने. परभणीस १९७२ पासून कृषी विद्यापीठ असूनही कोरडवाहू कापूस-ज्वारीचा सल्ला पडद्यावर येण्यास मुंबईचाच आधार होता.

केबल व नंतर : स्थानिक निर्मिती खऱ्या अर्थाने केबलवाल्यांनी सुरू केली. १९९५ च्या केबल कायद्यानुसार त्यांची नोंदणी मुख्य डाकघरात होई. दशकभर आधीपर्यंत टीव्ही संचाचे परवाना शुल्कही डाकघरातच भरावे लागे. व्हीसीआर आणि मॉड्युलेटर (चित्र केबलच्या वाहिनीवर चढवणारे उपकरण) एवढ्या भांडवलावर विसर्जन मिरवणूक, नगरपालिकेचा निकाल, पाणी सोडण्याची वेळ आणि खाली सरकणारी साड्यांच्या सेलची व श्रद्धांजलीची पट्टी असे प्रसारण चाले. बहुतेकांनी टेपांवर पुन्हा चित्रण केल्याने हा काळ दप्तरापेक्षा आठवणींतच अधिक उरला आहे. औरंगाबाद हे केबल डिजिटायझेशनच्या (केबल सेवा डिजिटल करण्याच्या) दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांपैकी एक असल्याने तेथे ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. इतर शहरी भागांसाठी डिसेंबर २०१५, तर ग्रामीण भागासाठी मुदतवाढीनंतर मार्च २०१७ अशी ठरली. सेट-टॉप बॉक्स आल्यावर छोट्या चालकांना मोठ्या जाळ्यांशी जोडून घ्यावे लागले. दूरदर्शनची निःशुल्क डीटीएच (उपग्रहावरून थेट घरी येणारी) सेवा डिसेंबर २००४ पासून उपलब्ध होती. ‘छत्री’ म्हणून ओळखली जाणारी तिची तबकडी वाड्या-तांड्यांवर काड्यांच्या अँटेनाची जागा घेत गेली, आणि प्रसार भारतीने मार्च २०२२ पर्यंत मोजकी मोक्याची ठिकाणे वगळता देशातील अॅनालॉग प्रक्षेपक बंद करण्याचे ठरवले, तेव्हा येथे त्याची फारशी चर्चा झाली नाही. गावपातळीवरील बातमीदारी तोवर केबलवरून मोबाइलवरील यूट्यूब वाहिन्यांकडे सरकली होती.