हातचा एक: फिबोनाचीचं हजार अंकी पद

संगणक बेरजेत चुकत नाही, ही समजूत फिबोनाची श्रेणी दोन मिनिटांत मोडते. १, १, २, ३, ५, ८... आधीच्या दोन पदांची बेरीज म्हणजे पुढचं पद. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ‘लाँग’ (६४ बिटांचा पूर्णांक) प्रकारात ९२ वं पद बरोबर येतं: ७५४०११३८०४७४६३४६४२९. पण ९३ वं येतं उणे ६२४६५८३६५८५८७६७४८७८! ६४ बिटांत ९२२३३७२०३६८५४७७५८०७ च्या पुढे जागाच नसते, म्हणून काटा फिरून उण्यात जातो. ‘डबल’ हा दशांश संख्यांचा प्रकार तर जास्त फसवा. त्यात ७९ वं पद १४४७२३३४०२४६७६२२१ ऐवजी शेवटी २२० घेऊन येतं, तेही निमूटपणे.

मग १००० अंकी पहिलं पद कितवं, हे काढायचं कसं?

शाळेतल्या उभ्या बेरजेनं. फक्त एका घरात एक अंक न ठेवता नऊ ठेवायचे, आणि एककाकडचं घर अ‍ॅरेत (घरांच्या यादीत) पहिलं. नऊच का? दोन घरं आणि हातचा मिळून फार तर १९९९९९९९९९ होतात. ३२ बिटांची मर्यादा २१४७४८३६४७. दहा अंकी घर एकटंच त्यात मावेलच असं नाही. बेरीज १ अब्ज किंवा जास्त झाली, की १ अब्ज वजा करून पुढच्या घरात हातचा एक. शेवटच्या घरातून हातचा आला तर नवं घर उघडायचं. हे विसरलं की संख्येचं डोकंच उडतं. दुसरी हमखास चूक छापताना होते: मधल्या घरातले ४२ हे ०००००००४२ असेच छापायला हवेत. सर्वांत वरच्या घराला मात्र पुढची शून्यं नकोत.

गंमत म्हणजे इथे अंक मोजावेच लागत नाहीत. १११ घरं म्हणजे ९९९ अंक. ११२ वं घर उघडलं, की थांबा. उत्तर: ४७८२.

पडताळा सुवर्ण गुणोत्तरानं (सुमारे १.६१८) होतो: कितवंही पद म्हणजे साधारण त्या गुणोत्तराचा तितकावा घात भागिले √५. चेहऱ्याचं सौंदर्य त्यानं मोजणाऱ्या अ‍ॅप्सना अर्थ नाही, पण इथे ते खरंच कामाचं आहे. त्याचा १० पायाचा लॉग ०.२०८९८७६, आणि √५ चा ०.३४९४८५. (९९९ + ०.३४९४८५) ÷ ०.२०८९८७६ = ४७८१.८६, म्हणजे पुढचा पूर्णांक ४७८२. (मात्रावृत्तं मोजताना जैन आचार्य हेमचंद्रानं हीच श्रेणी बाराव्या शतकात मांडली होती, फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा.)

पायथॉनमध्ये घरं बांधायची गरज नाही, तिथे पूर्णांक हवा तेवढा वाढतो. पण दर पावलाला संख्येचा मजकूर करून लांबी मोजू नका, ते उगाच महाग पडतं. १० चा ९९९ वा घात एकदाच काढा आणि त्याच्याशी तुलना करा. हाच प्रश्न १०००० अंकांसाठी सोडवताना तर नव्या आवृत्त्या ४३०० अंकांपुढे मजकूर करायलाच नकार देतात. बेरीज बरोबर होते, छापताना अडते.