दारूबंदी (ग्रामीण विदर्भ)

विदर्भाच्या खेड्यांत कायदा, नीती आणि राजकारण एकमेकांना सर्वांत उघडपणे भिडतात ते दारूच्या प्रश्नावर. राज्याच्या कायद्याचे नावच 'दारूबंदी अधिनियम, १९४९'. दुकानाला परवाना मिळतो तोही त्याच कायद्याखाली. संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये मद्यनिषेध आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून. त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. मग बंदी कुठे असावी हे सरकार ठरवते.

वर्धा जिल्ह्यात ती १९७४ साली आली, सेवाग्राम-पवनारच्या पुण्याईवर. गडचिरोलीत १९९३ साली आली, ती जनआंदोलनामुळे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग त्यात अग्रभागी होते. चंद्रपूरच्या बायकांनी 'श्रमिक एल्गार' या संघटनेच्या पुढाकाराने डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरला पायी मोर्चा नेला. बंदी मिळाली ती मात्र सरकार बदलल्यावर, १ एप्रिल २०१५ रोजी. आणि पुढचे सरकार आल्यावर मे २०२१ मध्ये ती उठवण्याचा निर्णय झाला. अवैध विक्री आणि बुडालेला महसूल ही कारणे सांगितली गेली. ती खोटी नव्हती. पण वर्ध्यालाही ती तितकीच लागू पडतात, आणि तिथली बंदी कायम आहे. गांधींच्या जिल्ह्यात दुकान उघडणे कुठल्याच पक्षाला परवडणारे नाही.

जिथे जिल्हाबंदी नाही तिथे २००८ च्या आदेशानुसार गावाला मतदान मागता येते. २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की चिठ्ठीवर दोन चित्रे येतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मते लागतात, तीही झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या. म्हणजे त्या दिवशी रोवणीला गेलेली किंवा मिरची तोडायला तेलंगणात असलेली बाई न विचारताच उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. आमदारकीला असा हिशेब लावला तर किती जण निवडून येतील, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

पूर्वेकडच्या गोंड गावांत नीतीचाच पाया वेगळा. मोहाची दारू देवाला चढते. ती काढणे पाप नाही, कायद्याने गुन्हा आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या गावांच्या, ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण घालण्याचा अधिकार दिला. त्यामुळे पूजेपुरती मोकळीक आणि विक्रीवर दंड, असा मधला मार्ग गावाला स्वतः काढता येतो.

बंदीच्या जिल्ह्यांत खटले बहुधा साक्षीपाशी अडतात. गावातल्या बायका जंगलात पुरलेला सडवा, म्हणजे दारूसाठी आंबत घातलेला माल, शोधून उपसून टाकतात, पण पंच म्हणून सही करायला माणूस मिळत नाही, आणि सही केलेला कोर्टात फिरतो. विकणारा नात्यातला असतो, कधी विकणारी भूमिहीन विधवा असते. तिची भट्टी बंद व्हावी असे गावाला वाटते. तिने जेलमध्ये जावे असे वाटत नाही.