सेसिलिया

ख्रिस्ती समाजात रूढ असलेले स्त्रीनाम. ‘काइकिलिउस’ या प्राचीन रोमन कुलनामाचे हे स्त्रीलिंगी रूप. लॅटिन ‘काइकुस’ म्हणजे आंधळा. त्यावरून नामकोशांत ‘आंधळी’ असा अर्थ सर्रास दिलेला आढळतो. तो तितकासा बरोबर नाही. रोमन मुलीला पित्याचे कुलनामच स्त्रीलिंगी करून मिळे. बहिणी अनेक असल्या तर थोरली, धाकटी असे जोडून त्या ओळखल्या जात. आपल्याकडे आंधळे आडनावाचा माणूस डोळस असतो, तसेच हे. रोमजवळच्या आप्पियन मार्गावर काइकिलिया मेतेल्ला हिची गोल, भव्य समाधी आहे. तिच्या नावातला ‘मेतेल्ला’ हा भागही पित्याकडूनच आलेला.

कुलनामाच्या उगमाबद्दल एकमत नाही. रोमजवळच्या प्राइनेस्ते या प्राचीन नगराचा संस्थापक काइकुलुस हा मूळपुरुष, अशी कुळाची एक परंपरा होती. धुराने त्याचे डोळे बारीक झाले, अशी कथा. दुसरी परंपरा रोमन पुराणकथांतील ट्रोजन वीर ईनिअसच्या काइकास नावाच्या सोबत्याकडे बोट दाखवते. दोन्ही मागाहून रचलेल्या दिसतात. काही अभ्यासक एट्रुस्कन (रोमनांपूर्वीच्या इटलीतील एका लोकसमूहाच्या भाषेतले) मूळ सुचवतात. तरी ‘काइकुस’पासूनची व्युत्पत्ती अधिक सरळ वाटते. तेराव्या शतकात संतचरित्रांचा संग्राहक याकोबुस दे व्होराजिने याने दिलेली ‘स्वर्गातील कमळ’ (लिली) ही फोड भक्तिपर आहे, भाषाशास्त्रीय नव्हे.

नावाचा प्रसार रोमच्या हुतात्मा संत सेसिलियामुळे झाला (सण २२ नोव्हेंबर). तिचे चरित्र बहुधा पाचव्या शतकातले. लग्नात वाद्ये वाजत असताना तिने ‘मनात’ देवाचे गाणे गायिले, असे त्यात आहे. उपासनेतल्या पदातून ‘मनात’ हा शब्द गळला आणि वाद्यवाचक ‘ऑर्गानिस’चा अर्थ पुढे ऑर्गन घेतला गेला. चित्रांतून तिच्या हाती ऑर्गन आला आणि ती संगीताची आश्रयदाती ठरली, ती बहुधा अशी.

पुढे लॅटिनच्या उच्चारात ‘काइकिलिया’तल्या ‘आइ’ चा ‘ए’ झाला आणि ‘ए’, ‘इ’ पूर्वीचा ‘क’ बदलला. म्हणून इटालियनमध्ये चेचीलिया, फ्रेंचमध्ये सेसील, इंग्रजीत सिसिलिया, सिसिली. गोव्यात नाव पोर्तुगीजमार्गे आल्याने ‘स’ ऐकू येतो. सीलिया हे नाव मात्र याचे संक्षिप्त रूप म्हणून वापरले जात असले, तरी मुळात काइलिउस या वेगळ्या कुळाचे. आयर्लंडमधील शीला हे सेसिलियाचेच रूप. संस्कृत ‘शील’वरून आलेल्या आपल्या शीलाशी त्याचे साम्य निव्वळ योगायोगाचे.